पश्चात्ताप लिहून घेताना

आमच्या चर्चमध्ये पश्चात्ताप नुसता तोंडी चालत नाही. तो लिहून द्यावा लागतो, आणि गेली चार वर्षं तो लिहून घेण्याचं काम माझ्याकडे आहे.

एवढं लिहून मी दोन दिवस थांबले. ज्या विशेषांकासाठी हे लिहितेय त्यात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त असतात आणि मी अजून एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पप्पा दूध संघाच्या गाडीवर क्रेट चढवतात, आई एका हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात आहे. आम्ही कसबा बावड्यात राहतो. बारावीनंतर मला आमच्या चर्चच्या कार्यालयात अर्ध्या वेळेचं क्लार्कचं काम मिळालं, ते अक्षर चांगलं म्हणून. त्या कामातली एक गोष्ट मला सांगायची आहे. ती सांगायचा हक्क मला किती आहे हे नक्की माहीत नाही, म्हणून ज्यांची ती आहे त्या दोघांना मी हा मजकूर वाचून दाखवला. नावं बदलली आहेत. बाई म्हणाल्या, बदल, पण चांगलं काहीतरी ठेव. म्हणून रत्नमाला ठेवलं.

आधी काम काय असतं ते सांगते. चर्चच्या लोकांना मिळून आम्ही 'मंडळी' म्हणतो. मंडळीने निवडलेल्या पाच जणांना 'वडील' म्हणतात, मग त्यातला एखादा पस्तिशीचा का असेना. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आणि हे पाच जण मिळून कारभार बघतात. बाप्तिस्मे, लग्नं, दफन यांच्या नोंदी ठेवणं, दाखले देणं, बैठकीचा वृत्तांत लिहिणं ही माझी कामं. वर्षातून चार वेळा प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे पेले बाकांवरून हातोहात फिरतात. ज्याने उघड काही वाईट केलं असेल, त्याला वडील प्रभुभोजनापासून दूर राहायला सांगतात. उपासनेला यायची त्याला बंदी नसते. तो बाकावर बसतो, आणि ताट समोर आलं की काही न घेता शेजारच्याकडे देतो. सगळी मंडळी ते बघते. माझ्या मते एवढी शिक्षा कुठल्याही माणसाला पुरे आहे.

परत यायचं असेल तर त्याने कार्यालयात येऊन निवेदन द्यायचं. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तयारीची उपासना असते. तिथे तो उभा राहतो, क्लार्क त्याचं निवेदन वाचतो, तो 'होय' म्हणतो. कोणाची हरकत नसेल तर वडील त्याला परत घेतात.

हे काम मला मनोहरकाकांनी शिकवलं. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, माझ्याआधीचे क्लार्क आणि आता पाच वडिलांपैकी एक. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं की दाखला मागायला येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, कागदाकडे बघायचं. चेहरा सगळ्यांचाच गरीब असतो.

मला ते लवकर जमलं. एकांना पासपोर्टसाठी बाप्तिस्म्याची तारीख दोन वर्षं मागे हवी होती. मी नाही म्हटल्यावर त्यांनी मला मंडळीत प्रेम उरलेलं नाही असं सुनावलं. दुसऱ्या एकांना मुलाच्या शाळाप्रवेशासाठी दाखला हवा होता, आणि मुलाचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. पण माझं नाव झालं ते एका नवरदेवामुळे. लग्नाआधी मुलाने आपल्या गावच्या चर्चचं पत्र आणायचं असतं, की हा आमचा चांगल्या वर्तणुकीचा सभासद आहे. त्याने आणलेलं पत्र नीटनेटकं होतं, शिक्का होता, सही होती. फक्त तारीख रविवारची होती. रविवारी कुठलाही पाळक कार्यालयात बसून पत्रं लिहीत नाही, त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. मी त्या गावी फोन लावला. नवरदेवाची बायको तिथल्या गायनमंडळात गात होती.

लग्न मोडलं. मुलीची आई माझ्या गळ्यात पडून रडली आणि त्यानंतर वडीलसभेत 'रीनाला विचारा' असं म्हणायला लागले. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. संशय घेणं हा माझा गुण आहे असं मला वाटू लागलं.

पश्चात्ताप लिहून घेतानाही मी तसंच करायचे. 'माझं काही चुकलं असेल तर' अशी सुरुवात करणाऱ्याचं काहीही चुकलेलं नसतं, निदान त्याच्या मते. घरात लग्नकार्य आलं की ज्याला एकदम पाप आठवतं, तो लग्नाला लागणाऱ्या वर्तणुकीच्या पत्रासाठी आलेला असतो. खिशातून रुमाल आधी काढून मग रडणारेही मी पाहिले. आणि थोडं घरचंही होतं. दारू सोडली असं पप्पांनी आईला माझ्यासमोर चार वेळा सांगितलं होतं. चौथ्या वेळी आईने फक्त 'भात वाढू का' असं विचारलं.

निवेदनाचा मजकूर मनोहरकाकांनी ठरवून दिला होता: 'मी देवाविरुद्ध व मंडळीविरुद्ध पाप केले आहे. मला त्याचा मनापासून पश्चात्ताप झाला आहे. मला क्षमा करून पुन्हा प्रभुभोजनात सामील करून घ्यावे.' खाली सही. तपशील लिहायचा नाही. त्यांचं म्हणणं असं की निवेदनांची वही प्रभुभोजनाच्या भांड्यांच्या कपाटात राहते. पवित्र वस्तूंच्या शेजारी राहणाऱ्या वहीत कोणाच्या घरातली घाण लिहायची नाही. मला ते पटलं होतं. आमच्या घरातलं कोणी असं वहीत लिहिलं असतं तर मलाही आवडलं नसतं.

दानिएलकाका आले ते ईस्टरच्या आधी तीन आठवडे, बुधवारी दुपारी. ते आमच्याच बावड्यातले, फौंड्रीत कामाला. त्यांना दूर ठेवून तीन वर्षं होत होती. दारू पिऊन त्यांनी चर्चच्या आवारात, सगळ्यांच्या देखत, बायकोवर हात टाकला होता. घरात काय होत होतं ते आवारात दिसलं इतकंच. त्यानंतर रत्नमालाकाकू गडमुडशिंगीला भावाकडे निघून गेल्या. त्यांची मुलगी लग्न होऊन सांगलीला असते.

काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी खुर्ची जरा पुढे ओढली, वास येतो का बघायला. आला नाही. दारू सोडून दीड वर्ष झालं म्हणाले. रत्नमालाकाकूंना परत आणायला ते दोनदा मुडशिंगीला गेले होते. दुसऱ्या वेळी काकूंनी दारातूनच सांगितलं होतं, की मला एकट्यात काही सांगू नका. ज्या लोकांपुढे मारलं त्या लोकांपुढे काय बोलता ते मी येऊन ऐकते, मग बघू. म्हणजे ईस्टरच्या प्रभुभोजनाआधी शनिवारी वाचल्या जाणाऱ्या ओळींवर त्यांचं घर ठरणार होतं.

हे मला त्यांनी स्वतः सांगितलं. तरी मी काय केलं ते आता लिहिते.

मी पेन उघडलं आणि ते सांगायला लागले.

"लिही. मी रत्नमालाला मारलं. आवारात झालं ते सगळ्यांनी बघितलं. घरात तीनदा. पयल्यांदा हातानं. दुसऱ्यांदा पट्ट्यानं. तिसऱ्यांदा बादली फेकून मारली, ती कानाला लागली. डाव्या कानानं तिला आता कमी ऐकू येतंय. दवाखान्यात आम्ही मोरीत पडली म्हणून सांगितलं. आम्ही म्हंजे तिनं सांगितलं. मी सांगायला लावलं. हे बी लिही."

मी यातलं काही लिहिलं नाही. ते न अडखळता, एका सुरात बोलत होते, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की हे पाठ केलेलं आहे. व्यसनमुक्तीच्या बैठकांत असं उभं राहून सांगायला लावतात हे मी ऐकलं होतं. बऱ्याच ठिकाणी बोलून हे गुळगुळीत झालंय, आता इथे वापरायला आणलंय, असं मला वाटलं. रुमाल न काढणारा हा नवा प्रकार आहे असंसुद्धा मनात आलं. याची लाज मला आज वाटते. तेव्हा मी स्वतःला हुशार समजले.

मी नेहमीच्या तीन ओळी लिहिल्या आणि वही त्यांच्यापुढे फिरवली. ते बोट ठेवून वाचत होते. मग म्हणाले, "ह्यात रत्ना न्हाय की."

मी म्हटलं, काका, इथे असंच लिहितात.

"बादलीचं?"

ते नको, मी म्हटलं. पवित्र वही आहे.

"तू शिकलेली हैस बाळ. तुला म्हाईत," असं म्हणून त्यांनी सही केली. सावकाश, पूर्ण नाव.

त्या शनिवारी रत्नमालाकाकू आल्या. बायकांच्या बाजूला, मागून दुसऱ्या बाकावर बसल्या, मान थोडी वळवून, उजवा कान पुढे करून. तो कान तसा का केला आहे हे त्या सभागृहात तीनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातली एक मी होते.

दानिएलकाका पुढे उभे राहिले. मी निवेदन वाचलं. ते 'होय' म्हणाले. पाळकसाहेबांनी कोणाची हरकत आहे का विचारलं. ही विचारायची रीत आहे, कोणी कधी उठत नाही. काकू उठल्या.

"साहेब, मला डाव्या कानानं कमी ऐकू येतंय. पोरीला परत एकदा वाचायला सांगा."

मी परत वाचलं. या वेळी माझा आवाज बारीक झाला होता, कशामुळे ते मला कळत होतं आणि नव्हतंही.

"देवाविरुद्ध आणि मंडळीविरुद्ध," काकू म्हणाल्या. "बरं. मंडळीला कवा मारलं ह्यांनी?"

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. पाळकसाहेब म्हणाले, ताई, मंडळीच्या एका अवयवाला दुखवलं की सगळ्या मंडळीला दुखवल्यासारखंच आहे. त्यांचा हेतू चांगला होता. काकू म्हणाल्या, "असंल. मला एकटीलाच लागलं की." आणि पदर सावरून त्या बाहेर पडल्या.

दानिएलकाकांनी माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी ते म्हणू शकले असते, की मी सगळं सांगितलं होतं, हिनं लिहिलं नाही. ते खाली बसले.

हरकत म्हणून जी नोंदवता येईल अशी काही हरकत झाली नाही, असं वडिलांनी ठरवलं आणि त्यांना परत घेतलं. दुसऱ्या दिवशी ईस्टर. गर्दी, पांढरे कपडे, फुलं. भाकरीचं ताट त्यांच्या बाकावर आलं, त्यांनी ते हातात घेतलं आणि काही न घेता शेजारच्याकडे दिलं. तीन वर्षं देत होते तसंच. आता त्यांना कोणी अडवलेलं नव्हतं.

मी गायनमंडळाच्या मागच्या खुर्चीवरून ते पाहिलं आणि माझ्या हुशारीचा शेवटचा प्रयत्न केला. बघ, मी मनात म्हटलं, मनातून पश्चात्ताप नव्हताच. पण हे वाक्य मला पूर्ण करता येईना. नाटक करणाऱ्याने भाकरी घेतली असती. तेवढ्यासाठीच तर नाटक असतं.

सोमवारी मी मनोहरकाकांच्या घरी गेले. ते पडवीत पेपर डोळ्यांजवळ धरून वाचत होते. मी म्हटलं, दानिएलकाकांचं निवेदन दुरुस्त करायचं आहे. ते म्हणाले, सही झालेल्या पानाला हात लावायचा नाही, हे तुला मीच शिकवलंय. मी सगळं सांगितलं. बादली, दवाखाना, सगळं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, तू मी शिकवलं तसंच लिहिलंस, तुझा दोष नाही. मला वाटतं त्यांना खरोखरच मला सोडवायचं होतं. पण त्यांनी मला असं सोडवलं आणि मला आणखी वाईट वाटलं, कारण त्यांचा नियम मी ढालीसारखा वापरला होता. दानिएलकाकांवर माझा विश्वास नव्हता, हे खरं कारण होतं.

मग मी केएमटीच्या बसने गडमुडशिंगीला गेले. कशासाठी, हे बसमध्येही ठरलं नव्हतं. काकू भावाच्या गोठ्यात म्हशीपुढे वैरण टाकत होत्या. मला बघून त्यांनी पाणी दिलं, बस म्हणाल्या, आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"त्यांनी पाठवलं व्हय तुला?"

नाही म्हटलं. विश्वास बसल्यासारखा चेहरा दिसला नाही. मी तिथे कागदाशिवाय, शिक्क्याशिवाय बसले होते, आणि माझ्यावर विश्वास का ठेवावा याचं एकही कारण मला देता येत नव्हतं. मी बुधवारी दुपारी काय झालं ते सांगितलं. त्या वैरण टाकत राहिल्या. हातानं, पट्ट्यानं, बादलीनं. त्यांचा हात थांबला नाही.

"दवाखान्याचं सांगितलं?"

मी म्हटलं, सांगितलं. मोरीत पडले असं तुम्हाला सांगायला लावलं म्हणाले.

आता हात थांबला. ही गोष्ट भावालाही माहीत नव्हती, हे मला नंतर कळलं. त्या कुंपणाच्या भिंतीवर टेकल्या.

"मग ते वाचून का दाखवलं न्हाईस?"

"मला खरं वाटलं नाही, काकू."

"कुणाचं? त्यांचं का माझं?"

त्यांचं खरं वाटलं नाही म्हणून मी जे गाळलं होतं, ते काकूंच्या अंगावर झालेलं होतं. मी एका माणसावर संशय घेतला आणि दुसऱ्या माणसाचा कान वहीतून पुसून टाकला. मी रडायला लागले तर काकू वैतागल्या.

"हितं रडून काय उपेग? म्हशीला सांगतीस व्हय? जितं वाचलंस तितं जाऊन सांग."

म्हणजे मलाही निवेदन द्यावं लागणार होतं. इतक्यांची लिहून घेतली होती, पण स्वतःचं लिहायला बसले आणि पहिली ओळ आली ती अशी: 'माझ्याकडून नकळत काही चूक झाली असेल तर.' मी ते पान फाडलं. दुसऱ्या पानावर 'कार्यालयीन पद्धतीनुसार' आलं. ते फाडलं. वही संपत आली तेव्हा कुठे एक साधं वाक्य सापडलं.

वडीलसभेत कोणालाच ते नको होतं. एक वडील म्हणाले, पोरी, तुझं लग्न व्हायचंय, उद्या दुसऱ्या चर्चने तुझ्याबद्दल विचारलं तर आम्ही काय पत्र द्यायचं? दुसरे म्हणाले, एकदा प्रकरण मिटलं की उकरायचं नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, तुला यातून नक्की काय व्हायला हवंय? मी म्हटलं, मला माहीत नाही, साहेब, पण जे बोललं गेलं ते तिथे ऐकू जायला हवं. ते म्हणाले, पुढच्या तयारीच्या उपासनेला दोघंही बोला. दानिएलकाकांनी आपलं आपल्या तोंडाने सांगावं, वाचन नको. आणि त्या दिवशी वृत्तांत मला लिहिता येणार नव्हता, कारण मी स्वतः त्यात होते. ते काम मनोहरकाकांकडे गेलं.

मधले तीन महिने मी क्लार्कच राहिले. दाखल्याला आलेल्या एकांनी मला विचारलं, तुझ्यावर काहीतरी चौकशी आहे म्हणे? मी म्हटलं, आहे. त्यांनी माझ्या हातातला दाखला दोनदा वाचून घेतला.

त्या शनिवारी मी उभी राहिले आणि म्हटलं, "दानिएलकाकांनी मला जे सांगितलं ते मी मुद्दाम लिहिलं नाही. मला ते खोटारडे वाटले. त्यामुळे रत्नमालाकाकूंवर काय गुदरलं ते तुम्हाला कळू दिलं नाही. यासाठी मी दोघांची क्षमा मागते." बस्स, एवढंच. त्याच्या आधी आणि नंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही.

मग दानिएलकाका उभे राहिले. या वेळी ते अडखळले. कार्यालयात एका सुरात सांगितलेलं इथे तुकड्यातुकड्यांनी आलं, आणि ते सगळा वेळ मागून दुसऱ्या बाकाकडे बघून बोलत होते. बादलीपर्यंत आले तेव्हा पुढे टेबलाशी लिहीत बसलेल्या मनोहरकाकांनी मान वर केली. मला वाटलं ते थांबवणार. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "बादली प्लास्टिकची की लोखंडी?"

काकू बाकावर बसूनच म्हणाल्या, "पत्र्याची."

मनोहरकाकांनी ते लिहिलं. पेनाचा आवाज मागेपर्यंत येत होता. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

दवाखान्याचंही सांगून झाल्यावर पाळकसाहेबांनी काकूंना विचारलं, आपल्याला काही म्हणायचंय का? त्या म्हणाल्या, "आता बरुबर हाय." बरोबर आहे, एवढंच. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि पाळकसाहेबांनीही पुन्हा विचारलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. दुसऱ्या दिवशी दानिएलकाकांनी भाकरी घेतली. काकूंनी घेतली. वेगवेगळ्या बाकांवर. मी घेतली तेव्हा माझ्या डोक्यात काहीही पवित्र विचार नव्हता, ताट सांडू नये एवढाच होता. उपासना सुटल्यावर काकू मुडशिंगीच्या बसने भावाकडे गेल्या. दानिएलकाका स्टॉपपर्यंत गेले आणि बस गेल्यावर परत आले.

मला वाटलं होतं, हे सगळं झालं की काकू घरी जातील. मग कळलं की तसं वाटणं हीसुद्धा माझी घाईच होती. आणि त्या गेल्या असत्या तर मी निश्चिंत झाले असते का, तेही सांगता येत नाही. दीड वर्ष म्हणजे फार नाही. आमच्या घरी दोन वर्षांनंतरही बाटली परत आलेली मी पाहिली आहे.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी काकू कार्यालयात आल्या. हातात पिशवी, डोक्यावर पदर, बाहेर पावसाच्या उघडिपीतलं ऊन. मला वाटलं पाणी प्यायला आल्या. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या की मनोहरगुरुजींनी त्या दिवशी लिहिलं त्या पानाची नक्कल पाहिजे. शिक्का मारून.

निवेदनांच्या वहीची नक्कल कोणाला दिल्याचं मला माहीत नव्हतं. मी आत जाऊन पाळकसाहेबांना विचारलं. त्यांनी ते पान काढून उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाले, यात जिचं नाव आहे तिला न देऊन कोणाला द्यायचं? मी बसून नक्कल लिहिली. झेरॉक्स काढली असती तर दोन मिनिटांचं काम होतं, पण मला हाताने लिहायची होती. प्रत्येक शब्द, पत्र्याची बादली, डावा कान, मोरी. काकू समोर बसून बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण ओळी मोजल्यासारख्या बघत होत्या, की या वेळी मी काही गाळत तर नाही.

साहेबांची सही झाली, शिक्का झाला. नक्कल देताना कारण लिहून घ्यावं लागतं. मी विचारलं, काकू, कशासाठी म्हणून लिहू? वकिलाकडे द्यायची आहे का?

"वकील कशाला? भिंतीला लावणार. लॅमिनेशन करून."

कुठल्या भिंतीला, मी विचारलं. मुडशिंगीच्या की बावड्याच्या?

"ते अजून ठरलं न्हाय माझं. पण बावड्याला गेलो तर हे दारासमोर लावल्याशिवाय पिशवी खाली ठेवणार न्हाय. त्यांना सांगितलंय. म्हणाले, खिळा मी मारतो." काकूंनी कागद घडी न घालता दोन्ही हातांत धरला. "मी म्हटलं, खिळा बी मीच मारणार."

कारणाच्या जागी मी लिहिलं: घरात दर्शनी लावण्यासाठी. मग त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी उजवा कान पुढे करून ऐकलं आणि त्याखाली अंगठा उठवला.